ग्रंथमहोत्सवातली वाचकभेट : काही प्रश्न

लेखकाने वाचकाला भेटावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. रोलाँ बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा १९६७मधील निबंध एम. ए.च्या वर्गात शिकवताना आम्ही दरवर्षी सांगत आलो, की संहिता वाचकाच्या हाती गेली की तिच्या अर्थावर लेखकाची मालकी उरत नाही. वर्गात हे सांगणे सोपे असते, कारण तेथे मरणारा लेखक दुसरा कोणी असतो. २०२४च्या हिवाळ्यात एका ग्रंथमहोत्सवात स्वतःच्या पुस्तकासह बसण्याची पाळी आली, तेव्हा या सिद्धान्तावर आमचा स्वतःचा कितपत विश्वास आहे, ते आम्हांला कळले. त्या अनुभवाच्या निमित्ताने काही प्रश्न येथे मांडत आहोत.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रणावर आम्ही मिळून लिहिलेले समीक्षेचे एक छोटे पुस्तक आहे. समीक्षेच्या पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला किती वर्षे लागतात, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा प्रकाशकांनी ‘लेखक आपल्या भेटीला’ या कार्यक्रमात आम्हांला वीस मिनिटे मिळवून दिली, याचेच आम्हांला अप्रूप वाटले. आमच्या आधी एका लोकप्रिय वक्त्याची वेळ होती. त्यांच्यापुढची रांग मांडवाबाहेर गेली होती. पुस्तक घ्यायचे, सही घ्यायची, सेल्फी काढायची आणि पुढे सरकायचे, अशी ती शिस्तशीर रांग होती. तिच्यात आमच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी पाहून आम्हांला आधी बरे वाटले. त्यांपैकी तिघांना त्या पुस्तकाविषयी विचारले. एकानेही ते वाचलेले नव्हते. हा दोष आम्ही त्यांच्या माथी मारणार नाही. महोत्सवाला हजेरी लावून अहवाल लिहिण्याचा प्रकल्प त्यांना आम्हीच दिला होता. त्या अहवालात ‘भेटलेले लेखक’ असा रकाना होता. ‘वाचलेले पुस्तक’ असा रकाना ठेवण्याचे आमच्याही मनात आले नव्हते.

आमच्या वीस मिनिटांतली बारा मिनिटे ओळखीच्या प्राध्यापकांशी बोलण्यात गेली. मग पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात आमचे पुस्तक होते. मात्र ते विकत घेतलेले नव्हते. त्यांच्या गावच्या वाचनालयाचा शिक्का त्यावर होता, पाठीला खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. आम्ही सवयीने पेन काढले. त्या म्हणाल्या, ‘सही नको मॅडम, पुस्तक वाचनालयाचं आहे. एक विचारायचं होतं.’ तिसरे प्रकरण उघडून त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवले. ग्रामीण कथेतील सासुरवाशिणी निमूटपणे सोसतात, त्यांच्या मौनातून त्यांची शरणागती दिसते, असे आम्ही तेथे लिहिले होते.

‘सर, माझी सासू घरात कधी कुणापुढं बोलली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण जात्यावर बसली की सगळ्यांचा हिशेब चुकता करायची. आम्हा सुनांना ते कळायचं, पुरुषांना कळायचं नाही. तुम्ही याला शरणागती म्हणता. तुम्ही ज्या गोष्टी घेतल्यात, त्यांतल्या दोन गोष्टींत बायका दळताना गातात. त्या काय गातात, ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. का?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कथा आम्ही अनेकदा वाचल्या होत्या, शिकवल्याही होत्या. ओव्यांचे ते उल्लेख मात्र ‘वातावरणनिर्मिती’ या सोयीच्या मथळ्याखाली आम्ही घातले होते. वास्तविक जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास मराठीला नवा नाही. लोकसाहित्याच्या पेपरला आम्ही तो शिकवतो, आणि कथेच्या पेपरला विसरतो. त्या बाईंनी हे दोन पेपर एकत्र वाचले होते. आम्ही काही बोलू लागणार, तोच स्वयंसेवक आला. वेळ संपली होती, पुढचे लेखक येऊन थांबले होते. तो नम्रच होता. त्याला दिलेले काम तो करत होता. आम्ही उठलो, हारतुऱ्यांचे झाले, छायाचित्र झाले. मग त्यांना शोधले, तर त्या गर्दीत कोठे गेल्या ते कळले नाही. नाव विचारायचे राहून गेले होते.

महोत्सव संपल्यावर किती पुस्तके विकली गेली, याचे आकडे जाहीर झाले. आमच्या सहा प्रती त्यांत होत्या. त्या बाई मात्र कोठल्याच आकड्यात नव्हत्या. आमचा प्रश्न येथून सुरू होतो.

ग्रंथविक्रीला आमचा विरोध नाही. मराठी प्रकाशनव्यवसायाची स्थिती पाहता मांडवात चार दिवस रोख विक्री होते, ही गोष्ट आम्ही मोलाचीच मानतो. पण मराठीतले वाचन केवळ खरेदीवर कधीच उभे नव्हते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये आणि मुंबईचे १८९८मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७मध्ये झाला, आणि तालुक्याच्या व खेड्याच्या पातळीवरील ‘क’ आणि ‘ड’ वर्गांची वाचनालये तुटपुंज्या अनुदानावर तग धरून राहिली. एका प्रतीवर वीस-पंचवीस वाचक वाढतात ते तेथे. ग्रंथमहोत्सवात मात्र ग्राहकालाच वाचक समजले जाते, आणि वाचनालयाच्या प्रतीवर वाचणारा माणूस हिशेबाबाहेर राहतो.

साहित्याच्या मेळ्यात कोणाला जागा आहे, हा प्रश्न या मेळ्यांइतकाच जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पहिले ग्रंथकार संमेलन १८७८मध्ये पुण्यात भरले. १८८५च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. १९७५मध्ये कराडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीच्या काळात लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली, तेव्हा लेखक आणि श्रोते यांच्या भेटीला एक निराळाच अर्थ आला. या दोन्ही प्रसंगी कोणी कोणाची सही घेतली, हे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. लक्षात राहिले ते विचारलेले आणि सुनावलेले.

यावर कोणी जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण देईल. सभासमारंभांपासून ते दूर राहिले. लेखकाने लिहावे, भेटीगाठींची गरज काय? पण धारवाडला राहून जी. एं.नी लिहिलेल्या पत्रांचे खंड आपल्यापुढे आहेत. ती पत्रे चाळताना दिसते, की त्यांनी टाळली ती गर्दी. वाचलेल्या गोष्टींविषयी सावकाश बोलणे त्यांनी टाळले नाही. भेट नाकारणारा लेखक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्याकडेच वाचकभेटीचा एक चांगला नमुना सापडावा, हे लक्षणीय आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे. महोत्सवात सह्यांच्या रांगा खुशाल असाव्यात. पण रोज निदान एक तास एकाच पुस्तकासाठी राखून ठेवावा. त्याचे नाव महिनाभर आधी जिल्ह्यातील वाचनालयांना कळवावे आणि त्या तासात लेखकाने शेवटी बोलावे, आधी ऐकावे. विक्रीच्या गाळ्यांच्या शेजारी वाचनालयांना एक गाळा विनामूल्य द्यावा. यातले काहीच फार खर्चाचे नाही. आणि आम्हां शिक्षकांपुरते बोलायचे, तर पन्नास विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून नेण्याऐवजी एकच पुस्तक वाचलेले दहा विद्यार्थी न्यावेत. आम्ही आमच्या प्रकल्पातला तो रकाना बदलला आहे. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी तो कोराच ठेवला, हेही प्रांजळपणे नोंदवतो.

आमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आता निघते आहे. तिसरे प्रकरण आम्ही नव्याने लिहायला घेतले, तेव्हा ज्या दोन कथांचा त्या बाईंनी उल्लेख केला होता, त्या पुन्हा वाचल्या. एका कथेतील सून दळताना जे गाते, त्यात सासरच्या अन्यायाचा स्पष्ट उच्चार आहे. पंधरा वर्षे ती कथा शिकवूनही आम्हांला तो ऐकू आला नव्हता. शरणागतीविषयीचे ते विधान आम्ही मागे घेतले आहे. प्रस्तावनेत ऋणनिर्देश करायचा आहे, पण नाव ठाऊक नाही. म्हणून ‘वाचनालयाची प्रत घेऊन आलेल्या एका वाचक भगिनी’ एवढेच लिहिले आहे, आणि सुधारलेल्या आवृत्तीच्या काही प्रती त्या जिल्ह्यातील वाचनालयांना पाठवण्याचे ठरवले आहे. त्यांतली एखादी त्यांच्या हाती पडली, तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, त्यांना मिळेल. ते त्यांना पटलेच पाहिजे, असा मात्र आमचा आग्रह नाही.