अरुंद रूळ आणि आपली आठवण

गेल्या हिंवाळ्यांत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही नागपुरास मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहण्यास गेलों होतों. १४ डिसेंबर २००२ रोजीं सुरू झालेल्या या संग्रहालयांत लहान रुळांवरील गाड्यांचे अवशेष जतन करून ठेविले आहेत. तेथें एका विद्यार्थ्यानें इंजिनावर हात ठेवून विचारिलें, "सर, ही गाडी एवढी चांगली होती, तर बंद कां केली?" प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा हा प्रयत्न आहे.

ही गाडी परक्या मुलखांतील नव्हे. गोंदिया हें १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यांत होतें. तेथून बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें १९०३ ते १९०५ या काळांत नैनपूरवरून जबलपुरापर्यंत सातपुड्यांतून अडीच फुटी रूळ नेले. तसेच रूळ १९०८ सालीं नागपुराहून उमरेड, भिवापूर या वाटेनें नागभीडपर्यंत गेले. पवनीकडील मंडळींस ही वाट जवळची. रूळ अरुंद असले म्हणजे गाडीस आखूड वळण घेतां येतें, डोंगर कमी फोडावा लागतो व खर्चहि थोडा येतो. ज्या मुलखास मोठी रेल्वे मिळाली नसती, त्यास या लहान गाडीनें बाहेरचें जग दाखविलें.

मग ती बंद कां झाली? मोठे रूळ साडेपांच फुटी. त्यांवरील डबा अडीच फुटी रुळांवर चालूं शकत नाहीं. म्हणून जेथें दोन मार्ग मिळत, तेथें मालाचें प्रत्येक पोतें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे, आणि प्रवाशासहि बोचकें उचलून गाडी बदलावी लागे. वेगहि बेताचाच. नैनपूर-जबलपूर मार्गावरील लहान गाडी २०१५ सालीं आणि नागपूर-नागभीड मार्गावरील २०१९ सालीं थांबली, ती रूळ रुंद करण्यासाठीं. या निर्णयास आम्ही दोष देत नाहीं. ज्यास रोज तींत बसून कामास जावें लागत नाहीं, त्यास जुन्या गाडीचें कौतुक करणें सोपें असतें. आजाऱ्यास नागपुरास नेणाऱ्या घराला वेग हवा असतो, शोभा नव्हे.

परंतु रूळ उखडले म्हणून आठवणहि उखडावी काय? आमचें मत तसें नाहीं. वेल्समधील टॅलिलिन नांवाची, पाटीचा दगड वाहणारी छोटी रेल्वे बंद पडण्याच्या बेतांत असतां, हौशी नागरिकांनीं ती हातीं घेतली व १९५१ पासून स्वतःच्या श्रमानें चालविली. आपल्याकडे माथेरानची १९०७ सालची गाडी पर्यटकांच्या बळावर टिकली. प्रत्येक मार्ग असा टिकणार नाहीं, व तसा आमचा आग्रहहि नाहीं. पण एखादें जुनें स्थानक, त्याची घंटा, सिग्नलचा खांब आणि दोनचार फर्लांग रूळ जागच्या जागीं राखणें अशक्य नाहीं. संग्रहालयांत इंजिन पाहून यंत्र कळतें. तें ज्या गांवीं थांबे तेथें उभें राहिल्यावर त्याची गरज कळते.

तोंवर एक काम आपल्या हातचें आहे. विद्यार्थीमित्रहो, या गाडीनें लग्नाकार्यास गेलेली आजी, रुळांवर राबलेले आजोबा तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं असतील. तिकिटास काय पडे, डब्यांत कोण काय विकावयास येई, पावसाळ्यांत प्रवास कसा होई, हें त्यांस विचारा आणि एका वहींत लिहून काढा. पालकांनींहि यास साहाय्य करावें. अशा वह्या आम्ही शाळेच्या ग्रंथालयांत आनंदानें ठेवूं.

आणि त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर हें: बाळ, गाडी चांगली होती, म्हणून तिची आठवण जपावयाची, ती पुरी पडेनाशी झाली, म्हणून ती थांबवावी लागली. या दोन गोष्टींत विरोध नाहीं.