मोसंबी म्हणजे स्वीट लाइम की स्वीट ऑरेंज?

मोसंबीचा ज्यूस किंवा स्क्वॅश बाजारात आणायचा म्हटलं, की आपण लेबलवर बिनधास्त 'स्वीट लाइम' छापतो. सगळेच तसं म्हणतात ना! पण स्वीट लाइम म्हणजे गोड लिंबू, ते फळच वेगळं. मोसंबी ही शास्त्रीयदृष्ट्या स्वीट ऑरेंज, म्हणजे सिट्रस सायनेन्सिस. आपल्या जिल्ह्याला मिळालेलं जीआय मानांकनही 'जालना स्वीट ऑरेंज' याच नावाने आहे. मग दुसऱ्या फळाचं नाव छापून आपणच आपली ओळख का पुसायची? माझं मत स्पष्ट आहे: इंग्रजी शब्द भारी वाटतो म्हणून वापरू नका, अर्थ तपासून वापरा. आणि हो, जीआय टॅग लावायचा असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. तुमच्या लेबलवर काय छापलंय? पुढची छपाई करण्याआधी एकदा बघाच!