टाकीचं झाकण कुठे आहे?

मे महिना लागला की आपल्या मोबाइलला उसंत नसते. कौलं शाकारायची असतात, गच्चीचा कोबा फुटलेला असतो, पन्हळी गळत असतात, आणि त्यातच ‘संडासची टाकी तुंबली, कुणाला तरी पाठवा’ असा फोन येतो. बाकीची कामं आपल्याला येतात. या फोनला मात्र आपल्यातले बरेच जण अजूनही मुकादमाला सांगून दोन पोरं आणि एक बादली पाठवतात.

हा सरळसरळ गुन्हा आहे. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनं आणि खबरदारी यांच्याशिवाय सेप्टिक टाकीत उतरवून सफाई करून घेता येत नाही. ही बंदी महापालिकांपुरती नाही. काम देणाऱ्या कोणालाही ती लागू आहे, मध्ये मुकादम असला तरीही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा सफाईत माणूस दगावला तर वारसांना ३० लाख रुपये भरपाई मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. ‘तोंडाला रुमाल बांधला होता’ हा बचाव तिथे चालत नाही, कारण टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू रुमालाने अडत नाही. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. हवा तपासायला जुने लोक दिवा सोडून पाहायचे. टाकीत मिथेनही असतो, म्हणजे दिवा सोडणं हे आगीला आमंत्रण. आणि खाली पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा अपघातांच्या बातम्यांत एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याचं वारंवार वाचायला मिळतं, त्याचं कारण हे आहे.

माणूस उतरवावा लागतो, त्याचं मूळ मात्र सफाईच्या दिवसात नसतं. ते टाकी बांधली त्या दिवसात असतं, आणि तिथे आपण असतो. आपण स्लॅब टाकतो, वर पेव्हर ब्लॉक बसवतो, ग्राहकाला अंगण सलग दिसायला हवं असतं म्हणून झाकण त्याखाली गाडतो. पाच वर्षांनी घर वाढतं आणि टाकी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जाते. मग सक्शनच्या गाडीचा पाइप आत घालायला जागाच राहत नाही. टाकी कोणत्या दिशेला असावी हे सांगणारे वास्तुतज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत. झाकण कुठे असावं हे मात्र कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या फुशारकीची. ‘मी बांधलेली टाकी पंचवीस वर्षं भरली नाही’ हे वाक्य प्रत्येक गावात एक तरी गवंडी अभिमानाने सांगतो. सेप्टिक टाकी पहिल्या काही आठवड्यांतच आउटलेटपर्यंत भरते आणि कायम भरलेलीच राहते. तशीच ती चालते. जी भरत नाही, तिचा तळ गळतो आहे. कोकणात जांभ्याचे चिरे रचून, तळ मोकळा सोडून बांधलेल्या कितीतरी ‘टाक्या’ मुळात शोषखड्डे आहेत, आणि सच्छिद्र जांभ्यातून ते पाणी शेजारच्या विहिरीकडे निघालेलं असतं. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीत उलट अडचण: पावसाळ्यात माती फुगते, पाणी शोषलं जात नाही आणि मैला संडासच्या भांड्यातून वर येतो. दोन्हीकडे एकच आराखडा वापरणारा कंत्राटदार एकीकडे तरी चुकतोच. जमिनीत पाणी मुरत नसेल तर शोषखड्डा आणखी खोल खणून काही साधत नाही. तिथे वरच्या थरात चर काढून त्यात पाणी पसरवावं लागतं किंवा वेगळी प्रक्रिया द्यावी लागते, आणि हे ग्राहकाला आधीच सांगावं लागतं.

सेप्टिक टाकीचं भारतीय मानक नवीन नाही. आयएस २४७० चा पहिला भाग १९८५ पासून हेच सांगतो. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर; दर दोन वर्षांनी उपसा. पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर. उपसताना तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवायचा, म्हणजे जिवाणू पुन्हा वाढतात. टाकी घासून, ॲसिड ओतून लख्ख करणारा माणूस ग्राहकाला आवडतो, पण तो टाकी बंद पाडून जातो. प्लास्टिकची टाकी पावसाळ्यात रिकामी करून सोडली, तर भूजल तिला उचलून वर आणतं; उपसल्यावर लगेच पाणी भरा.

वाई आणि सिन्नर इथल्या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता गावातल्या टाक्या साधारण तीन वर्षांच्या फेऱ्याने उपसायला घेतल्या. गाळ नाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो, खर्च स्वच्छता करातून. असं वेळापत्रक चालायचं, तर प्रत्येक टाकीचं झाकण हाताशी हवं.

आता पैशांचं. ग्राहक तीन कोटेशन मागवतो आणि सर्वांत स्वस्त उचलतो, अशी आपली कायमची तक्रार. पण आपण लिहून काय देतो? ‘सेप्टिक टँक, १ नग, ठोक रक्कम’. यात त्याने किमतीशिवाय तोलायचं तरी काय? त्याऐवजी आतली मापं लिहा. मधली भिंत, दोन्ही तोंडांना टी, तळाचं काँक्रीट, जाळी लावलेला व्हेंट पाइप, प्रत्येक कप्प्यावर उघडणारं झाकण, बाहेर पडणारं पाणी नक्की कुठे जाणार, हे लिहा. बुजवण्याआधी टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवू, पातळी उतरली नाही तरच पुढचा हप्ता घेऊ, असं लिहा. काम संपलं की घराच्या दोन कोपऱ्यांपासून झाकणाचं अंतर मोजून, फोटोसह कागद द्या. सक्शन गाडी जिथे पोचत नाही तिथे काम नाकारायचा हक्क आपल्याला आहे, तो वापरा. कुणी माणूस उतरवताना दिसलं तर १४४२० या क्रमांकावर कळवा.

पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या कोटेशनमध्ये या ओळी घालून पाहा. ग्राहकाने त्यातली कोणती ओळ खोडली आणि काय कारण दिलं, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.