जोडणी परकी, जोखीम आपली

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले दोन तालुके. मुंबई आणि पुणे या महानगरांच्या मधोमध वसल्याने देशात प्रवासाचे जे जे नवे साधन आले, त्याची पहिली कसोटी बहुधा याच भूमीवर लागली. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी चढली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि आज त्याच मार्गावरून विजेवर चालणाऱ्या मोटारी आवाज न करता घाट चढत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर अशा मोटारींना टोलमाफी जाहीर केली. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय उभारण्याचा संकल्पही त्याच धोरणात आहे. चित्र आशादायक आहे, यात शंका नाही.

पण या चित्राच्या एका कोपऱ्यात एक लहानशी वस्तू पडली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे परदेशातून, मुख्यतः चीनमधून, कुरियरने मागविला जाणारा जलद चार्जिंगचा अडॅप्टर. मोटारीचे तोंड एका जातीचे आणि चार्जरचा प्लग दुसऱ्या जातीचा, अशी गाठ पडली की मालक हा दुवा मागवितो. दिसायला ही एका ग्राहकाची एक किरकोळ खरेदी आहे. प्रत्यक्षात मात्र ती एका मोठ्या राष्ट्रीय प्रश्नाचे टोक आहे.

ही वेळ आली कशी?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २०१७ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग खात्याच्या समितीने ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ अशी चार्जरची दोन मानके सुचविली. त्या वेळी देशात बनणाऱ्या विजेच्या मोटारी अल्प दाबाच्या होत्या. त्यामुळे डीसी-००१ हा चार्जर ४८, ६० किंवा ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी, १५ किलोवॉट क्षमतेचा ठरविण्यात आला. नाव भारताचे, पण त्याच्या तोंडाशी जो प्लग बसविला गेला, तो चीनच्या ‘जीबी/टी’ मानकातील होता. त्याच वर्षी ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार विजेच्या मोटारींची मागणी नोंदविली आणि टाटा मोटर्स व महिंद्र या दोन स्वदेशी उत्पादकांनी ती स्वीकारली. ठरलेल्या वेळेत ते लक्ष्य गाठले गेले नाही. तरी त्या योजनेतील टिगोर आणि ई-व्हेरिटो या ७२ व्होल्टच्या गाड्या सरकारी कार्यालयांच्या दारी उभ्या राहिल्या.

पुढच्या दोन-तीन वर्षांत वारे फिरले. २०१९ मध्ये ह्युंदाईची कोना आणि २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन व एमजीची झेडएस या मोटारी आल्या. तिघींनीही युरोपातील ‘सीसीएस-२’ हे तोंड स्वीकारले. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक चार्जिंग केंद्रांत सीसीएस, जपानी ‘चाडेमो’, टाइप-२, तसेच दोन्ही ‘भारत’ प्रकार ठेवण्याची अट घातली होती. एका जागी पाच जातींची यंत्रे बसविण्याचा भार कोणत्याही उद्योजकाला पेलणारा नव्हता. अट पुढे शिथिल झाली आणि बाजाराने सीसीएस-२ च्या बाजूने कौल दिला.

निर्णय योग्य दिशेने गेला. पण ज्यांनी पहिल्या हाकेला ओ दिली होती, त्यांचे काय? शासकीय सेवेतून निघालेली जुनी विजेची मोटार थोडक्या पैशांत मिळते म्हणून नेरळ-कर्जतच्या स्थानकाबाहेर पर्यटकांची ने-आण करणारा एखादा चालक ती घेतो, तेव्हा महामार्गावरचे नवे चकचकीत चार्जर त्याच्या उपयोगाचे नसतात. अशा माणसाच्या हाती अडॅप्टरची जाहिरात पडली, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याला गरज आहे आणि देशी बाजारात तिचे उत्तर नाही. स्वदेशीचा उपदेश त्याला करण्याआधी, पर्याय त्याच्यासमोर का नाही, हा प्रश्न व्यवस्थेला विचारला गेला पाहिजे.

अडॅप्टरच्या पोटात काय असते?

घरातील तीन पिनांचा प्लग बदलण्यासाठी जो ठोकळा वापरला जातो, तसाच हाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो घातक आहे. जलद चार्जिंगमध्ये चार्जर आणि मोटार सतत एकमेकांशी बोलत असतात. किती व्होल्ट, किती अँपिअर, बॅटरीचे तापमान किती, केव्हा थांबायचे, हे सारे त्या संभाषणात ठरते. सीसीएसमध्ये हे बोलणे एका पद्धतीने चालते, तर जीबी/टी आणि चाडेमोमध्ये सर्वस्वी निराळ्या पद्धतीने. म्हणजे अशा अडॅप्टरच्या पोटात एक छोटा संगणक दुभाष्याचे काम करतो. दुभाष्याने चुकीचा शब्द सांगितला, तर परिणाम बॅटरीवर होतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सांध्यातून २०० अँपिअरचा प्रवाह जात असेल आणि तेथे एका ओहमचा केवळ एक सहस्रांश अवरोध असेल, तरी ४० वॉट उष्णता निर्माण होते. झीज, धूळ आणि कर्जत-खालापूरच्या धुवाधार पावसातील ओल यांमुळे तो अवरोध पाचपट झाला, तर बोटभर जागेत २०० वॉटची शेगडी पेटल्यासारखे होते. चांगल्या प्लगमध्ये तापमान मोजणारा संवेदक असतो आणि धोका दिसताच तो प्रवाह तोडतो. मधला दुवा अप्रमाणित असेल, तर ही साखळी नेमकी तेथेच तुटते.

तिसरी गोष्ट तर अनेक खरेदीदारांच्या लक्षातच येत नाही. सीसीएस-२ चे बहुतेक जलद चार्जर सुमारे १५० ते २०० व्होल्टच्या खाली उतरतच नाहीत. ७२ व्होल्टच्या मोटारीला त्यांचा उपयोग कोणताही साधा अडॅप्टर करून देऊ शकत नाही. दोन्ही तोंडे जुळली तरी दाब जुळत नाही. म्हणजे ज्याला या वस्तूची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच ती उपयोगी पडत नाही. पैसे परदेशी गेलेले असतात, वस्तू परत घेणारा कोणी नसतो आणि गाडी अंगणात उभीच राहते.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीचे उदाहरण येथे बोलके आहे. टेस्लाच्या चार्जरवर आपल्या मोटारी चालाव्यात म्हणून फोर्डने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना स्वतःहून अडॅप्टर दिले. त्याच वर्षी काही अडॅप्टरमध्ये दोष असल्याचे लक्षात येताच कंपनीने ग्राहकांना ते वापरू नका असे कळविले आणि बदलून देण्याची व्यवस्था केली. दोष मोठ्या कंपनीच्या मालातही निघतो. फरक इतकाच की, तेथे वस्तू कोणाकडे आहे हे ठाऊक असते आणि उत्तर देणारा कोणीतरी असतो. कुरियरच्या खोक्यातून आलेल्या निनावी अडॅप्टरमध्ये उद्या दोष निघाला, तर खालापूरच्या ग्राहकाला ते कोण कळविणार?

घाटाने शिकविलेला धडा

मानकांच्या या गोंधळाला काही जण नवी समस्या समजतात. बोरघाटाला मात्र ती जुनीच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली आगगाडी धावली ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. पुढे काही वर्षांतच ही वीज घाट चढून पुण्याला पोहोचली. त्या काळी ती निवड योग्यच होती. परंतु १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाने २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाचा मार्ग धरला आणि मुंबईचे जाळे एका मानकावर, उर्वरित देश दुसऱ्या मानकावर, अशी फाळणी झाली. इगतपुरीला आणि विरारच्या बाजूला दोन विजांची सीमारेषा उभी राहिली. मुंबईचे रूपांतर २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले. एका मानकाची किंमत जवळजवळ सहा दशके मोजली गेली.

या मधल्या काळात देशाने काय केले? दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बनविली. ती आधी चित्तरंजनच्या कारखान्यात आणि पुढे भेलमध्ये घडली. हीसुद्धा एक प्रकारे अडॅप्टरच होती, पण चाकांवरची. त्यांची चाचणी झाली होती, त्यांचे सुटे भाग देशात मिळत होते आणि बिघाड झाल्यास जबाबदार कोण हे निश्चित होते. दुवा वापरणे हा कमीपणा नाही. दुव्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा दाखला याहून जुना. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये. यंत्रे परदेशातून आली, कारण ती येथे बनत नव्हती. पण भांडवल मुख्यतः भारतीय होते, पाणी सह्याद्रीचे होते आणि ती यंत्रे चालविण्याचे ज्ञान येथल्या माणसांच्या हाती आले. म्हणूनच शंभर वर्षे उलटूनही ती केंद्रे वीज देत आहेत. २०२३ मध्ये भिवपुरी येथे १००० मेगावॉट आणि शिरवटा येथे १८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार टाटा पॉवरने राज्य शासनाशी केला आहे. परदेशातून काही आणणे म्हणजे परावलंबन, असे स्वदेशीच्या विचाराने कधी म्हटले नाही. वस्तूबरोबर ज्ञान आणि जबाबदारी न आणणे, हे परावलंबन होय.

मार्ग आहे

निराश होण्याचे कारण नाही. याच क्षेत्रात देशाने एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. दुचाकीसारख्या हलक्या वाहनांसाठी एथर या भारतीय कंपनीने आपल्या प्लगची रचना इतरांना खुली केली आणि तिच्यावर आधारित मानक २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. मानक इतरांकडून घेण्याऐवजी ते स्वतः घडविता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने चार्जिंग यंत्रणेसाठी एआयएस-१३८ हे मानक यापूर्वीच तयार केले आहे. म्हणजे चाचणी करणारे हात खालापूरपासून घाट चढून गेले की लगेच आहेत.

आता तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, वाहनांच्या चार्जिंग अडॅप्टरसाठी स्वतंत्र आणि कठोर मानक असावे, त्यावर चाचणीचा शिक्का असावा आणि शिक्का नसलेली वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळालाही जबाबदार धरले जावे. दुसरी, जुन्या ७२ व्होल्टच्या गाड्या ज्यांच्या हाती गेल्या आहेत, त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी, एसटीच्या आवारात वा नगरपालिकेच्या जागेत एखादा जुन्या जातीचा चार्जर चालू ठेवावा. कार्यालयांच्या आवारात बसविलेली अशी यंत्रे पडून असतील, तर ती हलविणे फार खर्चाचे नाही. तिसरी, खोपोली-खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील लहान उद्योजकांनी केबल, कनेक्टर आणि प्रमाणित अडॅप्टर यांच्या निर्मितीकडे वळावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. त्या पैशाचा काही अंश तरी परिसरातील हातांना काम देणारा ठरला पाहिजे.

या प्रश्नाला एक मानवी बाजूही आहे. कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. माणसाने माणसाला ओढण्याची तेथील हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. पिढ्यान्‌पिढ्या छातीवर भार घेऊन लाल मातीचे चढ चढणाऱ्या माणसाच्या हाती जेव्हा विजेच्या रिक्षाचे सुकाणू येईल, तेव्हा त्याच्या चार्जरचा एक सुटा भाग समुद्रापलीकडून येईपर्यंत त्याने रोजगार बुडवावा काय? श्रमातून सुटलेला माणूस पुन्हा परक्याच्या पार्सलची वाट पाहत बसला, तर ती सुटका अर्धीच म्हणावी लागेल.

दीड टन वजनाची मोटार खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर चढण्यासाठी केवळ अडीच युनिट अधिक वीज खर्च करते आणि उतरताना त्यातील काही भाग परतही मिळविते. घाट आता वाहनाला अडवीत नाही. अडवितो तो हातभर लांबीचा, कोणाचेच नाव नसलेला एक दुवा. ज्या घाटाखाली पाण्यापासून वीज काढण्याची विद्या शतकापूर्वी रुजली, त्या घाटाखालच्या माणसाला वीज गाडीत भरण्यासाठी परक्याच्या दारात उभे राहावे लागू नये. हे शासन, उद्योजक आणि ग्राहक या तिघांनी मिळून ठरविले, तर अवघड नाही. ठरविले नाही, तर मात्र गाड्या स्वदेशी होतील आणि त्यांची खुंटी परक्याच्या अंगणात राहील.