मत्स्यपेटीचे पाणी कोणी भरावे?

शाळेच्या प्रयोगशाळेत अथवा घरच्या दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी ठेवण्याची हौस पुष्कळांस असते, आणि ती स्तुत्यही आहे. परंतु पेटी आणण्याचा उत्साह जितका मोठा, तितकी तिच्यात नित्य पाणी घालण्याची चिकाटी मोठी असतेच असे नाही. उन्हाळा येतो, पाणी आटू लागते. परीक्षा जवळ येते, पाठोपाठ सुटी लागते. तहानलेले वासरू हंबरून तरी सांगते. मासा बिचारा काय सांगणार? तेव्हा आटलेले पाणी आपोआप भरून निघेल अशी योजना असावी की नसावी, आणि असल्यास ती कशी असावी, ह्याविषयी आम्ही आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडू इच्छितो.

पाणी आटते तेव्हा केवळ पाणीच वाफ होऊन जाते. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. समुद्रातील मासे ठेवलेल्या पेटीत दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा ५० लिटर पाण्यातून ५ लिटर आटले, तर उरलेल्या पाण्यात हेच प्रमाण दर लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम होते. म्हणूनच खाऱ्या पाण्याच्या पेटीतही आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावयाची असते. गोड्या पाण्याच्या पेटीत हा फरक सावकाश पडतो. पण पातळी फार उतरली तर पाणी गाळणाऱ्या पंपाचे तोंड उघडे पडते आणि पाणी खेळते राहत नाही.

आता उपाय पाहू. देवळातील अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी गळते, त्याप्रमाणे पेटीवर भांडे टांगावे असे प्रथम मनात येते. परंतु त्या पात्रास खाली किती पाणी साचले ह्याची वार्ता नसते. ते गळतच राहते. आपणांस हवे आहे ते थांबण्याचे ज्ञान असलेले भांडे, आणि ते अगदी स्वस्त आहे. जाड काचेची दोन लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरावी, तोंडावर तळहात दाबून ती उलटी करावी, आणि तोंड पाण्याखाली गेल्यावर हात काढून घ्यावा. मग जेथे पाण्याची पातळी राहावी अशी इच्छा असेल, बरोबर तेथे बाटलीचे तोंड येईल अशा बेताने ती लाकडी घोडीत घट्ट बसवावी. पातळी तोंडाच्या खाली गेली की हवेचा बुडबुडा आत शिरतो व तितकेच पाणी बाहेर येते; पाण्याने तोंड पुन्हा झाकले की हवेची वाट बंद होते आणि बाहेरील हवेचा दाब आतील पाणी तोलून धरतो. हा दाब सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. मग हातभर बाटलीची काय कथा! कोंबड्यांस पाणी पाजण्याची उलटी भांडी ह्याच तत्त्वावर चालतात. आणि सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारियोत ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी बाटलीही ह्याच तत्त्वाची आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. बाटली उन्हात ठेवू नये. आतील हवा तापून फुगते व नको असता पाणी ढकलते. लेचीपेची प्लॅस्टिकची बाटली दबते, म्हणून ती घेऊ नये. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग भरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बरेचसे निघून जाते.

कोणी म्हणेल की, बाजारात विजेवर चालणारी तयार यंत्रे मिळत असता हा खटाटोप कशास? खाऱ्या पाण्याच्या मोठ्या पेटीस ती उपयोगी पडतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु यंत्राचा तरंगता गोळा क्षारांनी अडकला तर पंप पाणी ओतीतच राहतो. आमच्या बाटलीचे तसे नाही. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटीत तिचे सगळे दोन लिटर पाणी एकदम उतरले, तरी पातळी एक सेंटिमीटरहून किंचितच अधिक चढेल. बिघाड झालाच तर तो किती होईल हे आधी मोजून ठेवावयाचे, हा धडा विकतच्या यंत्रातून मुलांस सहसा मिळत नाही.

तथापि आमचा मुख्य मुद्दा निराळाच आहे. त्याच पेटीची पातळी रोज पाव सेंटिमीटर उतरत असेल, तर दिवसास ४५० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे दोन लिटरची बाटली जेमतेम चार दिवस पुरेल. शनिवार-रविवार निभावेल, मे महिन्याची सुटी निभावणार नाही. शिवाय बाटली पाणी भरते, पण घाण काढीत नाही. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून होणारी विषारी द्रव्ये पेटीतच साचतात. त्यासाठी काही पाणी वेळोवेळी बदलावेच लागते. इतके दिवस उतरलेली पातळी पाहून तरी कोणी पेटीजवळ जात असे. ती सदैव भरलेली दिसू लागली, की सर्व ठीक आहे असे वाटून कोणी फिरकतच नाही, आणि मासे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मरतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, योजना अवश्य करावी, पण ती मुलांनी स्वतःच्या हातांनी करावी, आणि तिच्यासोबत एक वही ठेवावी. बाटलीवर कागदाची मोजपट्टी चिकटवून रोज किती पाणी उतरले ते लिहावे. एप्रिलात किती आटते व जुलैत किती, हे त्यावरून आपोआप कळेल. आणि लिहिण्याच्या निमित्ताने माशांकडेही नजर जाईल. सुटीत ही वही कोणाच्या हाती राहणार, हे सुटीपूर्वीच नावानिशी ठरवावे. पालकांस आमची विनंती इतकीच की, घरी असा प्रयोग करताना जमिनीवर चार-दोन तांबे पाणी सांडले तर मुलांस रागावू नये. फडके मात्र त्यांच्याच हाती द्यावे.