योगा करणाऱ्या मुलींनी ठोसा मारायलाही शिकावं

दादर-गिरगावातल्या घरांमध्ये व्यायामाचीही एक वर्णव्यवस्था आहे. योगासनं सगळ्यात वर. सात्त्विक, संस्कारी, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना चालणारी. बॉक्सिंग सगळ्यात खाली. मारामारी, फुटलेली नाकं, 'तसली' मुलं. मुलीनं योगाचा क्लास लावला तर शेजारच्या काकू कौतुक करतात. तिनं बॉक्सिंग लावलं तर विचारतात, "कशाला गं? तोंडाला काही लागलं म्हणजे?" दुसरीकडे जिममधली पोरं योगाला म्हाताऱ्यांचा टाइमपास म्हणून हसतात.

ही विभागणी खोटी आहे. शरीराच्या पातळीवर खोटी आहे, मुंबईच्या इतिहासाच्या पातळीवरही खोटी आहे. आणि तिची किंमत सगळ्यात जास्त मुली मोजतात.

आधी शरीराचं बघू. नवशिक्याला वाटतं, ठोसा हातानं मारतात. पण सरळ उजवा ठोसा पायातून निघतो. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो, मग कंबर वळते, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ पोचते. आता वीरभद्रासन आठवा. मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीत रोवली नाही, तर हात कितीही ताणा, आसन डळमळतंच. दोन्हीकडे पहिला धडा एकच: वरचं सगळं खालच्यावर उभं असतं. आणि वीरभद्र हा काही ध्यानस्थ ऋषी नव्हे, दक्षाचा यज्ञ उधळून लावणारा शिवाचा गण आहे. ज्या आसनाचे फोटो आपण 'पीस' लिहून टाकतो, त्याचं नावच एका योद्ध्याचं आहे.

दुसरा धडा श्वासाचा. अवघड आसनात नवीन माणूस श्वास रोखतो. रिंगमध्येही तेच होतं. मग खांदे कानापर्यंत चढतात, जबडा आवळतो आणि तीन मिनिटांच्या राउंडमध्ये पहिल्याच मिनिटाला हात दगडासारखे जड होतात. म्हणून योगशिक्षिका आणि बॉक्सिंगचे सर दिवसभर एकाच वाक्यावर घसा कोरडा करतात: श्वास सोड. बॉक्सर प्रत्येक ठोशाबरोबर 'फुस्स' करून हवा सोडतो, ती त्यासाठीच. दोन राउंडच्या मध्ये मिळणाऱ्या एका मिनिटात धपापणारी छाती खाली आणणं, हे प्राणायामाच्या सरावापेक्षा फार वेगळं काम नाही. फक्त इथे घंटा वाजते.

तिसरा धडा नजरेचा. ठोसा येताना डोळे मिटणं हे शरीराचं नैसर्गिक उत्तर आहे. ते घालवायला महिने लागतात. योगात नजर कुठे ठेवायची हे आसनागणिक सांगतात, कारण नजर भरकटली की तोल जातो. दोन्ही विद्या मुळात एकच गोष्ट शिकवतात: शरीर घाबरलेलं असताना त्याच्यातून पळून न जाणं.

आता इतिहास. 'हे सगळं ओढूनताणून आहे' असं वाटणाऱ्यांनी एका संध्याकाळी शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन यावं. तिथला मल्लखांब पाहावा. नावातच मल्ल आहे. पैलवानाचा सराव म्हणून वाढलेला हा प्रकार, त्याच्या पुनरुज्जीवनाचं श्रेय परंपरेनं पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना दिलं जातं. आणि त्या खांबावर, दोरावर पोरंपोरी करतात काय? आसनं. लढणाऱ्याची पकड आणि योग्याचा तोल एकाच शरीरात, एकाच वेळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच शिवाजी पार्कवर झाली.

तालमीतला जोर आणि सूर्यनमस्कार शेजारी ठेवून बघा. ते सख्खे भाऊ वाटतील. आधुनिक योग ज्यांनी उभा केला, त्यांच्यातही तालमीतली माणसं होती. १९१८ मध्ये योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र धोबीतलावच्या झेवियर्समध्ये शिकले, आणि तरुणपणी त्यांना कुस्तीचा नाद होता. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकले होते. त्यांच्या संस्थेचं मुंबईतलं केंद्र आजही मरीन ड्राइव्हवर, गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. या लोकांना तालीम आणि योग यांच्यात भिंत दिसली नाही. ती आपण नंतर बांधली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. योगाची सुरुवातच यमांपासून होते आणि पहिला यम अहिंसा. मग ठोशाचं काय? माझं उत्तर असं की ज्याला मारताच येत नाही त्याच्या न मारण्याला अहिंसा म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात. खुद्द गांधींनी १९२० मध्ये लिहिलं होतं की भ्याडपणा आणि हिंसा एवढेच पर्याय उरले तर ते हिंसेचा सल्ला देतील. शिवाय रिंगमधला ठोसा रागाचा नसतो. रागावलेला बॉक्सर गार्ड खाली सोडतो आणि मार खातो.

दुसरा आक्षेप दुखापतीचा. तो खराच आहे, डोक्यावर बसणारे फटके हा विनोद नाही. पण प्रत्येकानं स्पर्धेत उतरायची गरज नाही. पाय, गार्ड, बॅग आणि सरांच्या हातातली पॅड्स एवढ्यातूनही मी वर सांगितलेलं बहुतेक सगळं शिकता येतं.

आणि आता मुली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ मध्ये आलं. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला २०१२ मध्ये, आणि त्याच वर्षी मेरी कोमनं कांस्यपदक आणलं. १०८ वर्षं जग ज्या कारणानं थांबलं, तेच कारण अजून आपल्या चाळींच्या गॅलरीत उभं आहे. आपण मुलीला योगा शिकवतो तेव्हा तिनं शांत व्हावं अशी आपली इच्छा असते. प्रश्न असा की कोणती शांतता? दादर स्टेशनच्या पुलावर गर्दीत कोणी मुद्दाम धक्का मारला तर खाली मान घालून पुढे जाण्याची? की पाय रोवून, श्वास न रोखता, डोळ्यांत डोळे घालून "मागे हो" म्हणण्याची? पहिलीला शांतता म्हणू नका. तो आज्ञाधारकपणा आहे. दुसरी शांतता कमवावी लागते, आणि नुसत्या मॅटवर तिची परीक्षा होत नाही.

गंमत म्हणजे हे साम्य बाजाराला केव्हाच कळलंय. लोअर परळला, जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथले महागडे स्टुडिओ आज योग आणि बॉक्सिंग एकाच मेंबरशिपमध्ये विकतात. लालबागच्या पोरीला ती फी परवडत नाही. पण तिच्या आसपास व्यायामशाळा आहे, मंडळाचा हॉल आहे, संध्याकाळी रिकामी पडणारी शाळा आहे. आपली मंडळं दहा दिवसांच्या उत्सवासाठी वर्षभर झटतात. त्यातल्या एखाद्यानं एक पंचिंग बॅग टांगावी, शेजारी दहा सतरंज्या अंथराव्यात आणि पहिल्या बॅचला फक्त मुली घ्याव्यात. अर्धा तास आसनं, अर्धा तास ग्लव्ह्ज. काकूंनाही बोलवा. त्यांच्याही खांद्यांत बरंच काही साठलेलं असतं.