इंडक्शनची पिन तापत असेल तर

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांच्या घरी सकाळी एकच घाई. डबा, चहा, अंघोळीचं पाणी, सगळं एकदम. खोली भाड्याची, ओट्याजवळ बोर्ड एकच. त्यावरच मिक्सर, त्यावरच इंडक्शन. पिन तापते, पण काम चालतंय म्हणून आपण सोडून देतो. कृपा करून असं सोडू नका.

हिशेब साधा आहे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढते. बारीक पिनेचं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. त्यावर मिक्सर चालेल, इंडक्शन किंवा गिझर नाही. मोठी पिन बारीक सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड, दोन्ही इथे धोक्याचे.

आज एवढं बघा. सॉकेटची भोकं काळवंडली आहेत का? प्लास्टिक पिवळं पडलंय का? जळका वास येतो का? पिन घातल्यावर ढिली हलते का? यातलं एक जरी दिसलं तरी तापलेल्या पिनेला हात लावू नका. आधी मेन स्वीच बंद करा. तो बोर्ड दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

मग माहितीतला परवानाधारक वायरमन बोलवा आणि ही कामं सांगून करून घ्या.

जळकं सॉकेट आणि जळकी पिन, दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्यालाही जाळतं.

वायरचं काळं, कडक झालेलं टोक कापून नवं टोक स्क्रूखाली घट्ट आवळायला सांगा. नुसती टेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

इंडक्शनसाठी १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी घ्या. वायरवर आयएसआय मार्क बघा.

हिरवी वायर खरोखर अर्थिंगला जोडली आहे का, ते तपासून घ्या. पिनेचा वरचा जाड पाय कधीही कापू नका.

मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्वीच, बसवा. त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका, फ्यूजला जाड तार लावू नका. एमसीबी पडते ती तुम्हाला सावध करायला. तिला गप्प केलं तर भिंतीतली वायर तापते आणि कुणाला कळतही नाही.

सातपाटी, केळवे, तारापूर अशा किनाऱ्यावरच्या गावांनी जास्त लक्ष द्या. खाऱ्या हवेनं सॉकेटातल्या पट्ट्या आणि स्क्रू गंजतात, पकड सैल होते. पावसात भिंती ओल धरतात. म्हणून तपासणी मे महिन्यातच उरका.

कुणाला शॉक बसला तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडानं वायरपासून दूर सारा आणि १०८ ला फोन करा. मीटरपर्यंतच्या बिघाडासाठी महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. मीटरच्या पुढची वायरिंग मात्र घराचीच जबाबदारी.

भाडेकरूंनो, घरमालकाला आजच सांगा. घरमालकांनो, या खर्चाला मागेपुढे बघू नका. त्या खोलीत माणसं राहतात.